भाला कोणी धरायचा

गल्लीत नाटक बसवायचं खूळ माझ्याच डोक्यातून निघालं. दुसऱ्या कोणी सांगण्याआधी मीच सांगितलेलं बरं. चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले, पण स्वस्थ बसायचं काही जमेना. घरात भांडी दोन माणसांची, टीव्हीवरच्या मालिकांचा मला राग येतो, आणि पुलगावात संध्याकाळी जाऊन जाऊन माणूस जाणार कुठे?

त्यात गल्लीत भांडणं सुरू होती. टोकाला एक मोकळी जागा आहे. म्हाताऱ्यांना तिथं फिरायचं असतं, पोरांना क्रिकेट खेळायचं असतं. एकदा चेंडू कापड दुकानवाल्या काकांच्या खिडकीतून थेट देवघरात गेला. काकांनी तो परत दिला नाही. विळीवर दोन तुकडे केले आणि फाटकावर नीट मांडून ठेवले. दुसऱ्या दिवशी काकांच्या स्कूटरच्या दोन्ही चाकांत हवा नव्हती. मग दोन्ही बाजूंची माणसं माझ्याकडे तक्रार घेऊन यायला लागली, कारण अर्धी गल्ली माझी विद्यार्थी आणि उरलेली अर्धी माझ्या बाबांची मित्रमंडळी. ऐकून ऐकून माझं डोकं उठलं. एका संध्याकाळी मी म्हणून गेले, "भांडता काऊन? आपलं जुनं नाटक बसवू. सगळे मिळून."

जुनं नाटक म्हणजे आमच्या गल्लीच्या नाट्यमंडळाचं. माझ्या लहानपणी दर गणपतीत तेच एक व्हायचं. शंभर वर्षांपूर्वीचं, राजाराणीचं, एकेक वाक्य परकराच्या घेरासारखं फिरणारं. राजा राणीवर खोटा आळ घेतो, तिला राज्याबाहेर काढतो आणि शेवटी भर दरबारात लांबलचक भाषण करून आपली चूक कबूल करतो. ते भाषण हाच नाटकाचा जीव. राजा माझे बाबा व्हायचे. भाषण संपलं की बायका डोळे पुसायच्या, आणि घरी भाजीत मीठ कमी पडलं म्हणून ओरडणारा हाच का तो माणूस, असं मला वाटायचं.

आमची गल्ली रुळांना लागून. मुंबई-नागपूर लाइन असल्यामुळे गाड्यांना खंड नाही. गाडी आली की मंचावर जो बोलत असेल त्यानं उजवा हात वर करायचा, सगळ्यांनी जिथल्या तिथं थांबायचं, आणि गाडी गेली की त्याच वाक्यापासून पुढे. याला आमच्याकडे गाडी धरणं म्हणतात. प्रेक्षकांनाही त्याची सवय. हात वर गेला की लोक पान लावून घेतात, पोराला दुसऱ्या मांडीवर घेतात, आणि हात खाली आला की पुन्हा गप्प बसतात.

तालमी समाजभवनात पाच वाजता ठेवल्या. म्हातारे साडेचारला हजर. तरुण मंडळी सहाला, तीही फोनकडे बघत. मधला दीड तास म्हाताऱ्यांनी तरुणांना नावं ठेवण्यात घालवायचा. सव्वासहाला कोणाची गोळीची वेळ, कोणाची मालिकेची, म्हणून म्हातारे उठायचे. म्हणजे दोन पिढ्या एकत्र यायच्या त्या पंधरा मिनिटांसाठी, आणि त्यातली दहा खुर्च्या सरकवण्यात जायची. मी फोनवर एक ग्रूप काढला. म्हाताऱ्यांनी त्यावर रोज सकाळी गुलाबाची फुलं पाठवली, तरुणांनी त्याचा आवाज बंद केला. पाच वाजताची तालीम साडेपाचला केल्याचा निरोप शेवटपर्यंत कोणी वाचलाच नाही.

भूमिका वाटताना तर मी रडकुंडीला आले. आमच्या मंडळाची एक रीत होती. भूमिका ज्याची त्याची. एकदा मिळाली की माणूस स्वतः सोडेपर्यंत ती त्याचीच, आणि सोडताना तोच सांगणार पुढे कोणाला द्यायची. बाबांनी राजा सोडला तो कापड दुकानवाल्या काकांना दिला. आता काका चौऱ्याहत्तरचे, गुडघे दुखतात, सिंहासनावर बसले की उठायला प्रधानाचा हात लागतो. पण राजा तेच. भवनाची किल्लीही त्यांच्याकडेच होती, हे मी विसरू शकत नव्हते. राणीसाठी कॉलेजात शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी मिळाली. चुणचुणीत, तोंडाळ, आणि जिच्या भावाचा चेंडू विळीवर कापला गेला होता तीच. ती मंचावर काकांना महाराज म्हणायची आणि खाली उतरली की बघायचीसुद्धा नाही.

बाकी यादी मी घरी बसून दहा मिनिटांत केली. त्यात शेवटची ओळ होती, पहारेकरी. पुढे मी एका गृहस्थांचं नाव लिहिलं. लिहिताना विचार केला नाही, कारण विचार करण्यासारखं काही मला त्यात दिसलंच नाही. ते पूर्वीही पहारेकरीच होते. तरुणपणी सलग सात गणपती चांदीचा कागद लावलेला बांबूचा भाला धरून राजाच्या सिंहासनामागे उभे राहिले होते. तेव्हा ते नाल्यापलीकडच्या वस्तीत राहायचे. त्यांचे वडील नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आलेले. तालमी तेव्हा देवळाच्या मंडपात व्हायच्या, त्यामुळे त्यांना तालमीला कोणी बोलवायचं नाही, फक्त खेळाच्या दिवशी बोलवायचे. पुढे ते रेल्वेत लागले, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले, आणि आता गल्लीत सगळ्यात चांगलं दुमजली घर त्यांचंच. मुलगी डॉक्टर. गल्लीत कोणाला अर्ज लिहायचा असला की त्यांच्याकडे जातात. आणि मी त्यांच्या नावापुढे पहारेकरी लिहून मोकळी झाले.

ते पहिल्या दिवशी आले, कोपऱ्यातला भाला उचलला, पुसला आणि जागेवर जाऊन उभे राहिले.

तिसऱ्या आठवड्यात तरुण मंडळी येईनाशी झाली. आज परीक्षा, उद्या वाढदिवस, परवा नुसतंच काही नाही. मी ग्रूपवर खरमरीत निरोप लिहिले. तुमच्यासाठी मी जीव टाकते आणि तुम्हाला किंमत नाही, असं सगळं. शाळेत असताना जे बोलायची तेच, फक्त आता कान धरता येत नव्हता. आणि गंमत म्हणजे आठवड्यातून एकदा उगवली की पोरांचे संवाद चोख पाठ. राणीची वाक्यं तर अशी यायची की मी चाट पडायची. कुठे श्वास घ्यायचा, कुठे थांबायचं, सगळं बरोबर. शिक्षकी हाडाची मी. हा माझ्या शिकवण्याचाच गुण, असं मी मनात ठरवून टाकलं, एकदोघांना सांगितलंसुद्धा.

मग एका रविवारी सकाळी मी पहारेकऱ्यांच्या घरी गेले. भाल्याचा चांदीचा कागद निघाला होता, तो बदलायला सांगायचं होतं. फाटक ढकललं तर ओसरीच्या पायऱ्यांवर अख्खं राज्य बसलेलं. राणी, प्रधान, दासी, सेनापती. आतल्या बाजूला गल्लीतल्या दोन आज्या मेथी निवडत बसल्या होत्या. आणि मधे खुर्चीत बनियनवर, हातात चहाचा कप घेऊन, ते. प्रधानाचं वाक्य चुकलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि हळूच म्हणाले, "असं नाई बेटा. हा मानूस घाबरलेला आहे. घाबरलेला मानूस शेवटचा शब्द गिळते."

मला संताप आला. खोटं कशाला बोलू. मी भवनात पंखे लावून, खुर्च्या मांडून वाट बघत बसायची आणि ही सगळी इथं.

"काऊन, माझ्याकडे यायले पाय दुखतात काय तुमचे?" मी राणीला विचारलं.

"तुमच्याकडे चुकलं की तुम्ही चिडता मॅडम," ती म्हणाली. "अन् काका तर वाक्य पूर्णच होऊ देत नाई. हे आजोबा चिडत नाई."

"पण यांना संवाद कुठून माहीत?" मी पोरीलाच विचारलं, ते समोर बसलेले असताना. आता आठवलं की लाज वाटते.

प्रत्येक नटाला त्याच्या संवादांची वही मिळायची, तिला नक्कल म्हणतात. पहारेकऱ्याला नक्कल नसते, त्याला वाक्यच नसतं. ते म्हणाले, "सात वर्षं मांगं उभा होतो, मॅडम. दुसरं काय काम होतं मले? ऐकत राह्यलो."

पोरांनी आग्रह धरला, राजाचं भाषण म्हणा. ते राहू दे, राहू दे म्हणाले, मग उठले. चारच वाक्यं म्हटली. मी पायरीवर बसले. ते बाबा होते. तोच चढ, चौथ्या शब्दानंतरचा तोच थांबा, वाक्य संपताना आवाज खाली नेण्याची तीच पद्धत. बाबांना जाऊन बावीस वर्षं झाली. त्यांचा आवाज कोणी कशावर उतरवून ठेवला नव्हता, आणि तो नाल्यापलीकडच्या एका माणसानं सिंहासनामागे उभं राहून जपून ठेवला होता.

पोरं गेल्यावर ते मला फाटकापर्यंत सोडायला आले. "तुमच्या वडिलांले मी एकदा म्हनलं होतं," ते म्हणाले, "प्रधानाचं एखादं वाक्य द्या मले. ते हासले. म्हने, तुह्याशिवाय भाला कोन धरन? वाईट नोते ते. पन हासले." मग फाटकाची कडी काढत म्हणाले, "एक बार म्हनायचं आहे मॅडम, ते भाषन. उभं राहून, लोकांसमोर. मंग भाला काय, झाडूबी धरतो."

मी पाहते म्हणाले. त्याच दुपारी काकांकडे गेले. शेवटचं भाषण तेवढं पहारेकऱ्यांना द्या, राजाची तब्येत बिघडली असं दाखवू, दुसरं काहीतरी करू, असं मी सुचवलं. काका सुपारी कातरत होते.

"त्याचं काम भाल्याचं," ते म्हणाले. "तुह्या बापानंच देल्लं होतं. आता तू बापाच्या वर चालली काय, बेटा?"

"पण काका, तुम्हाला पाठ तरी आहे का पूर्ण?"

"चाळीस साल झाले राजा होऊन. पाठ आहे काय विचारते."

मला तिथं भांडता आलं असतं. किल्ली गेली असती, म्हातारे रुसले असते, नाटक मोडलं असतं. आणि नाटक मोडलं तर माझं नाक कापलं जाणार होतं, खरं कारण हेच. मी चहा घेतला आणि घरी आले. पोरांना सांगितलं, या वर्षी राहू द्या, पुढच्या वर्षी नक्की. राणी माझ्याकडे बघत राहिली. तिला मी पाचवीत शिकवलं होतं. तेव्हाही ती असंच बघायची.

खेळाच्या संध्याकाळी मोकळी जागा भरली. कधी नव्हे ते म्हातारे आणि तरुण एकाच सतरंजीवर बसले. मी पडद्याआड, हातात बाबांचं पुस्तक, कोणी अडलं तर वाक्य पुरवायला. दोन गाड्या आल्या, दोन्ही नीट धरल्या. पोरांचं काम इतकं छान झालं की मला कौतुकही वाटलं आणि हे आपण शिकवलेलं नाही हे खुपलंही.

मग शेवटचा दरबार. काका उभे राहिले, भाषण सुरू झालं. पाचसहा वाक्यं गेली आणि काका थांबले. मी पुस्तकावरून मान वर केली. काकांचे डोळे कोरे झाले होते. आणि मग त्यांनी, अगदी रुबाबात, उजवा हात वर केला.

सगळे थांबले. प्रधान थांबला, दासी थांबल्या, दोनशे माणसं थांबली. लोकांनी पान लावलं, पोरं मांडीवर फिरवली. गाडी येणार होती. राजानं हात वर केला म्हणजे येणारच. मागून एकजण शेजाऱ्याला म्हणाला, "मालगाडी असन, दूर आहे अजून." सगळे मुकाट्यानं वाट बघत बसले, आणि गाडी येत नव्हती, कारण गाडी नव्हतीच. काका भाषण विसरले होते.

मला पान सापडेना. किती वेळ गेला सांगता येत नाही. तेवढ्यात राणी हलली. तिनं महाराजांकडे पाठ केली, सिंहासनामागे वळली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "पहारेकरी, महाराजांच्या मनात काय आहे ते तुम्हीच सांगा. तुम्ही सारं ऐकलं आहे." असं वाक्य नाटकात नाही. ते तिनं त्या क्षणी रचलं.

ते एक पाऊल पुढे आले. भाला त्यांनी डाव्या हातात घेतला. तोंड उघडलं, छाती भरून श्वास घेतला. मला अजूनही तो श्वास दिसतो.

आणि मला पान सापडलं. सापडलं तसं मी वाचलं. मोठ्यांदा, वर्गात वाचावं तसं, काकांचं पुढचं वाक्य. कोणी मला सांगितलं नव्हतं. चौतीस वर्षांची सवय, की मंचावर शांतता झाली की भरून काढायची, की बाबांनी लावलेली रीत, की आणखी काही, मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. काकांनी वाक्य झेललं, हात खाली आणला आणि भाषण रेटत नेलं. पहारेकरी एक पाऊल मागे गेले. टाळ्या पुष्कळ पडल्या.

काका खुशीत होते. "गाडी कशी धरली, पाह्यलं ना?" ते सगळ्यांना सांगत होते. आजही सांगतात. मला एकजण म्हणाला, मॅडम, तुमच्यामुळे नाटक वाचलं. मी सतरंज्या गुंडाळायला लागले.

दुसऱ्या दिवशी पोरं एकेक करून ग्रूपमधून बाहेर पडली. आठवड्यानं मोकळ्या जागेवर क्रिकेट आणि फिरणं पुन्हा सुरू, भांडणंही. मी घरात धुसफुसत राहिले. नवऱ्यावर चिडले, दूधवाल्यावर चिडले. एवढं करून हेच मिळालं, असं म्हणायची, आणि कोणामुळे हेच मिळालं ते मला ठाऊक होतं.

तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी मी पहारेकऱ्यांच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. आत पायऱ्यांवर पोरं होतीच. मेथीवाल्या आज्याही होत्या. एक तर राणीला जुन्या काळचं नऊवारी कसं नेसायचं ते दाखवत होती. मी ज्यासाठी भवन, ग्रूप आणि खुर्च्या मांडल्या ते इथं चहाच्या कपावर कधीचं सुरू होतं, आणि मला कळवायची गरज कोणाला वाटली नव्हती.

माफी मागायची वाक्यं मी वाटेत जुळवून आणली होती. त्यांनी मधेच हात वर केला.

"एक वाक्य गाळलं तुम्ही त्या दिवशी," ते म्हणाले. "राजा म्हनते ना, की मी कोनाले इचारलंच नाई, ते. मंग पुढचं जमत नाई."

"पान घाईत उलटलं," मी म्हणाले. ते खरंही होतं.

राणीनं भिंतीला टेकवलेला भाला आणला आणि माझ्यापुढे धरला. हसली नाही. "आजोबा आता पूर्ण म्हणणार आहे. मागे पहारेकरी पाह्यजे, मॅडम."

मी भाला घेतला आणि त्यांच्या खुर्चीमागे उभी राहिले. बांबूच तो, वजन असं काही नाही. त्यांनी भाषण सुरू केलं. मधे गाडी आली, खरी आली, त्यांनी हात वर केला, आम्ही सगळे थांबलो, गाडी गेली. पाच मिनिटांत माझा हात भरून आला, टाचा दुखायला लागल्या. हात बदलला तर कुठे पाहायचं कळेना. बाबा, काका, ग्रूप, पोरं माझ्याशी कधी बोलायला लागतील, हे सगळं डोक्यात एकदम चालू होतं. भाषण संपलं. आज्यांनी डोळे पुसले.

"सात वर्षं कसे उभे राहिलात हो?" मी विचारलं. "मला पाच मिनिटं झाली नाहीत, पाय गेले."

त्यांनी माझ्या हातातून भाला घेतला आणि भिंतीला टेकवून ठेवला.

"ऐकत असलं की दुखत नाई, मॅडम," ते म्हणाले. "तुम्ही ऐकूनच नाई राह्यल्या."